उन्हाळ्यात पहिला अडतो, हिवाळ्यात दुसरा करकरतो

माझ्याकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे. दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची, १.८ लिटर पेट्रोल इंजिन, पाच गिअर आणि मागच्या चाकांवर चालणारी. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं नोकरी करून नागपूरला परतलेल्या एका डॉक्टरांनी ती सोबत आणली होती, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. माझदाने ही गाडी भारतात कधीच विकली नाही. आपल्याकडे माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचे छोटे ट्रक आठवतात. त्यामुळे हिच्यासाठी सर्व्हिस सेंटर नाही, पाहून शिकलेला मिस्त्री नाही. काही बिघडलं की आधी बिघाड काय आहे हे स्वतः शोधावं लागतं, आणि पार्ट बाहेरून मागवायचा असल्याने शोध चुकला तर महिने आणि पैसे दोन्ही जातात.

गिअरच्या तक्रारी एकदम सुरू झाल्या नाहीत, हळूहळू जमत गेल्या. सिग्नलला उभं असताना पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. दुसरा गिअर टाकताना हाताला करकर लागायची. गिअरची दांडी जागेवर असूनही सैल वाटायची, आणि न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना खालून एक घरघर यायची. एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स पूर्ण गेलाय, परदेशातून जुना मागवा आणि बदला.

मला ते पटलं नाही. पाच तक्रारी म्हणजे एकच रोग असं धरून चालायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. गाडीत एक छोटी वही ठेवली. गिअर अडला की कोणता, वेळ काय, इंजिन थंड की गरम, बाहेर ऊन किती, एवढंच लिहायचं. थोड्याच दिवसांत वहीतून जे दिसलं त्याने मी थक्क झालो. पहिला आणि रिव्हर्स अडायचे ते भर दुपारी, बर्डीच्या गर्दीतून रखडत आल्यावर, गाडी तापलेली असताना. दुसरा करकरायचा तो सकाळी, गाडी नुकती बाहेर काढल्यावर. दहा-पंधरा मिनिटांनी तोच दुसरा लोण्यासारखा पडायचा. एक दुखणं उष्णतेने वाढत होतं, दुसरं उष्णतेने बरं होत होतं. ही दोन्ही एका कारणाची असणं जवळपास अशक्य. नागपूरच्या हवेचा इथे फार उपयोग झाला. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास, इतकं टोकाचं हवामान घरबसल्या मिळालं की गाडीची दुखणी आपोआप वेगळी होतात.

वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गाड्या उभ्या राहतात त्या भागात, एक म्हातारे मिस्त्री आहेत. आयुष्यभर ट्रक आणि जीपचे गिअरबॉक्स खोलले. एमएक्स-५ त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, पण वही दाखवल्यावर त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "इंजन बंद करा भाऊ. आता सगळे गिअर टाकून पाहा बरं."

पाचही गिअर आणि रिव्हर्स, सगळे गुपचूप पडले.

"आता चालू करून टाका."

गाडी तापलेली होती. पहिला अडला, रिव्हर्स ओरडला.

"मंग गिअरबॉक्स काऊन खोलता जी? इंजन बंद असल्यावर तो बरोबर चालते ना. क्लच पुरा सुटत नाही तुमचा."

ही साधी तपासणी मी आजवर प्रत्येकाला सांगत आलो आहे. इंजिन बंद असताना आत काहीच फिरत नाही, त्यामुळे गिअर पडतो. इंजिन चालू असताना क्लच दाबूनही प्लेट अर्धवट चिकटून राहिली तर गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट फिरतच राहतो आणि उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स घालणं अवघड होतं. रिव्हर्स यात सर्वात आधी तक्रार करतो. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. शाफ्ट थांबला असेल तर आवाज होणार नाही. थांबूनही खर्रर्र झालं तर क्लच ओढतोय.

मिस्त्रीकाकांनी पुढची पायरी सांगितली. पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबायचं आणि लगेच गिअर टाकायचा. पहिला अलगद पडला. म्हणजे क्लच प्लेट किंवा प्रेशर प्लेटपेक्षा संशय तेलाच्या दाबावर. या गाडीत क्लचला केबल नाही. पेडलखाली मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर, मध्ये ब्रेक ऑइलची नळी. दोन-तीन वेळा दाबल्यावर दाब जमत असेल तर कुठेतरी हवा आहे किंवा तेल झिरपतंय. गाडी खड्ड्यावर घेतली. काकांनी स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरचं रबर बोटाने मागे सरकवलं. आतून काळपट तेल टपकलं.

उन्हात त्रास का वाढायचा, हेही मग जुळलं. ब्रेक ऑइल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या रबराच्या कडेने सहज निसटतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. क्लचच्या नळीत एवढी उष्णता सहसा होत नाही, पण त्याच तेलाने सिलिंडरची आतली भिंगासारखी गुळगुळीत भिंत गंजते आणि मग रबर आणखी लवकर झिजतं. तीस वर्षांच्या रबराला याहून जास्त काय मागायचं?

रबराचा किट बदलून भागेल असं काका म्हणत होते. मी पूर्ण स्लेव्ह मागवला, कारण आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नवं रबरही फार टिकत नाही. तो येईपर्यंत गाडी घरीच उभी ठेवली. सिलिंडर दोन बोल्टांवर असतो, बदलायला वेळ लागत नाही; हवा काढायला मात्र दोन माणसं आणि धीर लागतो. मी पेडलवर, काका खाली. दाबा, धरा, निप्पल बंद, सोडा. जुनं तेल शाईसारखं आलं, ते पिवळसर स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवलं. नंतर मास्टर सिलिंडरची परीक्षा: सपाट जागेवर इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबून धरून ठेवायचा. आतल्या आत दाब निसटत असेल तर क्लच हळूहळू जुळतो आणि गाडी पुढे सरकायला लागते. बराच वेळ धरला, गाडी जागची हलली नाही. मास्टर ठीक.

त्या दिवशी भर दुपारी लोहापुलाच्या गर्दीतून मुद्दाम गेलो. पहिला आणि रिव्हर्स एकदाही अडले नाहीत.

दांडीचं प्रकरण त्यापेक्षा सोपं निघालं, आणि तेच मला सर्वात आवडतं. एमएक्स-५ मध्ये गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सच्या वरच्या एका छोट्या मनोऱ्यात उतरते. मध्ये केबल नाही, लांब रॉड नाही. म्हणूनच या गाडीचे गिअर इतके छोट्या हालचालीत आणि खटकन पडतात. या मनोऱ्यात गिअरबॉक्सच्या मुख्य तेलापासून वेगळं, शंभर मिलिलिटरहून कमी तेल असतं. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे बदललं जात नाही, आणि बहुतेकांना ते आहे हेच माहीत नसतं. दांडीच्या खालच्या टोकाला नायलॉनचा बुश असतो आणि वर रबराची दोन आवरणं.

नॉब फिरवून काढला, कन्सोल सोडवला. वरचं रबर बरं होतं, पण खालचं चिरलेलं. तिथूनच गेला उन्हाळाभर पायाशी गरम हवेचा झोत यायचा, त्याला मी इंजिनची गर्मी समजत होतो. दांडी बाहेर काढली तर खालचा बुश झिजून एका बाजूने पातळ झालेला, आणि मनोऱ्यात तेल जवळजवळ नाहीच, तळाशी काळा चिकट लगदा. तो लगदा कापडाने टिपून काढला, आत काही पडू नये म्हणून मनोऱ्याचं तोंड झाकून ठेवलं. नवा बुश, नवी आवरणं, ताजं गिअर ऑइल. दांडीचा सैलपणा गेला. केबिनमधला आवाजही कमी झाला. आणि गिअरबॉक्सचा एक बोल्टही उघडला नव्हता.

ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी गिअर जड किंवा सैल वाटला की आधी इथेच पाहावं. ज्यांच्याकडे दुसरी कुठली गाडी आहे त्यांनीही हात आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये काय काय आहे ते एकदा समजून घ्यावं: केबल असेल तर तिची टोकं, रॉड असेल तर त्याचे बुश. दुखणं पुष्कळदा या मधल्या वाटेवर असतं.

दुसऱ्या गिअरसाठी थंडीची वाट पाहावी लागली. मुद्दाम. उन्हाळ्यात तो फारसा बोलतच नव्हता, आणि बिघाड दिसत नसताना केलेल्या उपायाचा गुण कळत नाही. डिसेंबर लागला आणि काकांचा निरोप आला, "गाडी थंडी असतानीच पायजे मले. रात्रभर इथंच ठेवा."

सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर गेलो, काका बाजूला. पहिल्यातून दुसरा: करकर. मग ते म्हणाले, "डबल क्लच मारा." सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या जुन्या ट्रकांवर त्यांनी आयुष्य काढलेलं, त्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात सरळ प्रश्न होता. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, इंजिनचा वेग क्षणभर खाली येऊ द्यायचा, पुन्हा क्लच दाबून दुसरा. थंड गाडीतही दुसरा निमूट पडला.

याचा अर्थ असा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की आतला शाफ्ट इंजिनसोबत मंदावतो आणि वेग जुळवण्याचं काम आपणच करतो. एरवी ते काम सिंक्रोची पितळी रिंग करते, घर्षणाने. आपण ते काम केल्यावर गिअर मुकाट पडत असेल, तर गिअर सरकवणाऱ्या फोर्कमध्ये किंवा दांडीत दोष नाही, रिंगच थकली आहे. क्लच ओढत असता तर इतर गिअरही कुरकुरले असते, पण तो आता ठीक होता. म्हणूनच क्लच आधी दुरुस्त करणं महत्त्वाचं होतं. दोन्ही दोष एकत्र असताना ही परीक्षा काहीच सांगू शकली नसती.

दुसऱ्याचीच रिंग आधी का जाते, याचं उत्तर या गिअरबॉक्सच्या आकड्यांतच आहे. पहिल्याचं गुणोत्तर ३.१३६, दुसऱ्याचं १.८८८, तिसऱ्याचं १.३३०, चौथ्याचं १.०००, पाचव्याचं ०.८१४. पहिल्यात ३००० आरपीएमवर गिअर बदलला तर दुसऱ्यात इंजिन साधारण १८०० वर यायला हवं, म्हणजे बाराशेची घसरण. तिथूनच दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरण नऊशेच्याही खाली, तिसऱ्यातून चौथ्यात साडेसातशेच्या आसपास. फिरत्या शाफ्टला एवढं मंदावण्याचं सर्वात जड काम दुसऱ्याच्या रिंगवर पडतं, तेही शहरात दिवसातून शेकडो वेळा. आणि पहाटे तेल घट्ट असतं, तेव्हा रिंगला गिअरच्या शंकूसारख्या भागावर पकड मिळवण्याआधी मधला तेलाचा थर बाजूला सारावा लागतो. थकलेल्या रिंगला ते वेळेत जमत नाही.

तेल काढलं. इथे एक गोष्ट आवर्जून: आधी भरायचा प्लग सैल करून पाहायचा, मगच खालचा काढायचा. तेल सांडून बसल्यावर वरचा प्लग हलेना झाला तर गाडी तिथेच अडकते. परातीत आलेलं तेल काळं होतं, आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमक दिसली. काकांनी एका जुन्या स्पीकरमधलं चुंबक कापडात गुंडाळून तेलात फिरवलं. चुंबकावर राखाडी मऊ गाळ आला. एवढा गाळ कोणत्याही वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये निघतो. पोलादाचा तुकडा, दाताचा टवका, काही नाही. चमक मात्र तेलातच राहिली. चुंबकाला न चिकटणारी ती पिवळी धूळ म्हणजे पितळ, म्हणजे रिंग.

आता कोणतं तेल भरायचं? आपल्याकडे दुकानात गिअर ऑइल मागितलं की "नव्वद नंबर" हातात येतं. माझदाच्या पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० आहे, आणि जीएल-४ व जीएल-५ हे तेलाचे दोन्ही दर्जे चालतात असं लिहिलं आहे. मी तरी जीएल-४ च भरतो. जीएल-५ हे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या दातांवर येणाऱ्या प्रचंड दाबासाठी बनवलेलं. त्यात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त. काही जुन्या धाटणीची जीएल-५ तेलं पितळेला मानवत नाहीत, आणि अति निसरड्या तेलात रिंगला पकड मिळायला वेळ लागतो. सुरुवातीचा ७५डब्ल्यू हा आकडाही महत्त्वाचा, कारण थंडीत तेल किती वाहतं ते तो सांगतो. साधारण दोन लिटर बसलं. दुसऱ्या दिवशीच्या पहाटे करकर बरीच कमी झाली होती, पण गेली नव्हती. तेलाने झिजलेलं पितळ परत येत नाही.

राहिली घरघर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना ती यायची आणि क्लच दाबला की थांबायची. ही खूण उलटी असती, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर बोट ठेवलं असतं. क्लच दाबल्यावर थांबतोय म्हणजे शाफ्ट थांबल्याने थांबतोय, म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा. पण कोणत्या? यासाठी आउटर रिंग रोडवर, टप उघडं ठेवून, रहदारी नसताना प्रत्येक गिअरमध्ये सारख्याच दाबाने अॅक्सिलरेटर धरून गेलो. पहिला, दुसरा, तिसरा: आवाज. चौथा: शांत. पाचवा: पुन्हा आवाज, जरा हलका.

चौथ्याची शांतता हाच मोठा पुरावा. चौथ्याचं गुणोत्तर १.०००, म्हणजे ताकद आत येणाऱ्या शाफ्टमधून सरळ बाहेर जाणाऱ्या शाफ्टला जाते. खालचा काउंटरशाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. बाकी प्रत्येक गिअरमध्ये सगळा भार त्याच्यावरून वळसा घेऊन जातो. म्हणून भाराखाली आवाज करणारं बेअरिंग या वळणावरचं आहे. डिफरन्शियलचा संशय काढून टाकण्यासाठी ऐंशीच्या वेगाला न्यूट्रल करून, क्लच दाबून धरून गाडी नुसती घरंगळू दिली. आवाज नाहीसा झाला. डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग असतं तर चाकं फिरेपर्यंत ते बोलत राहिलं असतं.

म्हणजे शेवटी गिअरबॉक्स उघडायचाच आहे, पण आता काय शोधायचं ते माहीत असताना. दुसऱ्याची रिंग आणि काउंटरशाफ्टचं बेअरिंग या दोन्हीसाठी तो एकदाच खाली उतरेल. उतरवायचाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि इंजिनमागचं ऑइल सील त्याच वेळी. काकांना एकच काळजी होती, आणि ती बरोबर होती. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम असते, आणि ती परत बसवताना गिअरबॉक्सची उंची चुकली तर चालताना थरथर येते. "उतरवायच्या आदी माप घेऊ, खडूनं खुणा करू, फोटो काढून ठेवू," ते म्हणाले. "मंग कोनाले विचारायची गरज नाही."

काम फेब्रुवारीत करायचं ठरलंय, कडक ऊन सुरू होण्याआधी. रिंग आणि सील मागवली आहेत. बेअरिंग मागवलेलं नाही; त्याच्या कड्यावर कोरलेला नंबर केस उघडल्यावर वाचू आणि तोच नंबर आधी इथल्या बेअरिंगवाल्यांकडे विचारू, न मिळाल्यास बाहेरून. तोवर सकाळी पहिली काही मिनिटं दुसरा गिअर डबल क्लचनेच टाकतो आहे.